मोटरहोमच्या टायरमध्ये नेमकी हवा किती भरावी : वजनकाट्यापासून सुरुवात करून

जुन्या मिनीबसचे मोटरहोम तयार करून घेतल्यानंतर पलंग, ओटा, पाण्याची टाकी यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ लोक भेटतात, परंतु टायरमध्ये हवा किती भरायची या साध्या प्रश्नावर मात्र प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो. माझ्या बाबतीत गाडी बांधणाऱ्या कारागिराने एक आकडा सांगितला, चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर दुसरा होता, टायरवर तिसराच छापलेला होता, आणि हिंगणघाट रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात चौथा ऐकायला मिळाला. या चारपैकी कोणताही आकडा तुमच्या गाडीसाठी बरोबर असेलच असे नाही, कारण योग्य दाब हा गाडीच्या नावावर ठरत नाही. प्रत्येक चाकावर प्रत्यक्ष किती वजन पडते त्यावर तो ठरतो. ते वजन मोजून दाब कसा ठरवायचा आणि वैदर्भीय उन्हाळ्यात तो कसा सांभाळायचा, हे विदर्भातील खेड्यापाड्यांत राहून नव्याने मोटरहोम घेणाऱ्यांसाठी पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी जवळ काय असावे

कागदपत्रांपैकी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, मूळ गाडीची माहितीपुस्तिका आणि टायर कंपनीचा भार-दाब तक्ता (किती भाराला किती दाब हवा ते सांगणारा) एवढे पुरे. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात, त्यांपैकी दुसरा आपल्याला लागणार आहे. गाडीच्या बांधणीत केलेला बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयात नोंदवून घेतलेला नसेल, तर ते काम आधी पूर्ण करा.

साधनांमध्ये स्वतःचा, किमान १०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) मोजणारा प्रेशर गेज, बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा १२ व्होल्टचा हवेचा पंप, चाकांना लावायच्या लाकडी उट्या, साबणाचे पाणी आणि एक वही हवी. मागे जोडचाके, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके, असतील तर आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणारा लांब दांड्याचा गेज घ्या. पंप घेताना खोक्यावर छापलेल्या कमाल दाबावर विसंबू नका. छोट्या कारसाठी बनवलेले पंप ५० पीएसआयच्या पुढे तापतात आणि मोठ्या टायरला फार वेळ घेतात, म्हणून शक्य असेल तर दुकानातच आपल्या टायरवर चालवून पाहा.

१. टायरच्या बाजूवर काय लिहिले आहे ते वाचा

उजेडात बसून चारही टायर आणि स्टेपनी वाचून काढा आणि सर्व वहीत उतरवा. मापानंतर येणारा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा सांकेतिक अंक, हा आपल्या कामाचा आकडा आहे. उदाहरणार्थ, १०६/१०४ असे लिहिले असेल, तर तो टायर एकटा असताना ९५० किलो आणि जोडीत असताना प्रत्येकी ९०० किलो भार पेलू शकतो. जोडचाकांना प्रत्येकी कमी भार धरतात, कारण रस्ता कधीच पूर्ण सपाट नसतो आणि जोडीतील एका चाकावर नेहमी थोडे जास्त वजन येते.

व्यापारी वाहनांच्या टायरवर बहुधा कमाल भार आणि त्यासोबत दाब छापलेला असतो, जसे की ९५० किलो, ४५० केपीए (हेही दाबाचेच एकक), म्हणजे ६५ पीएसआय. येथे बहुतेकांचा गैरसमज होतो. तो पूर्ण भार पेलायचा असेल तर थंड टायरमध्ये किमान एवढी हवा हवी, असा त्याचा अर्थ आहे. प्रत्येक गाडीत एवढीच हवा भरा असा नाही. भार कमी असेल तर दाबही कमी पुरतो, आणि विनाकारण जास्त भरलेला टायर मधोमध झिजतो, खड्ड्यात सहज फुटतो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त घेतो. त्याच वेळी टायर कंपनीने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय या छापील दाबाच्या वरही जाऊ नका. रिमलाही स्वतःची मर्यादा असते.

शेवटी चार अंकी तारीख शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोम फारसे चालत नसल्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते. पाच वर्षे ओलांडलेला टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही खोल असली तरी त्या टायरसाठी दाबाचे गणित करत बसण्यात अर्थ नाही.

२. गाडी प्रवासाला निघते तशी भरा

रिकाम्या मोटरहोमचे वजन घेणे निरर्थक आहे. पाण्याची टाकी काठोकाठ भरा, डिझेलची टाकी भरा, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, अंथरूण-पांघरूण, किराणा, भांडी आणि स्टेपनी आपापल्या जागी ठेवा, आणि प्रवासाला जेवढी माणसे जाणार तेवढी त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास, आणि घरात इन्व्हर्टरला लावतो तशी मोठी ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. हे सर्व सामान बहुतेक गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) मागे किंवा एकाच बाजूला रचलेले असते, आणि नेमके तेच टायरला महागात पडते.

३. वजनकाट्यावर पुढचे आणि मागचे वजन वेगळे घ्या

या एका कामासाठी अर्धा दिवस काढा, कारण पुढचे सर्व गणित याच आकड्यांवर उभे आहे. विदर्भात वजनकाटा शोधावा लागत नाही. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, खामगाव अशा कापूस बाजारांच्या गावांत जवळपास प्रत्येक जिनिंगजवळ काटा असतो, आणि बाजार समितीच्या आवारातही तो मिळतो. मात्र दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की ट्रॅक्टर, पिकअप आणि बंड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत मोटरहोम घालून कास्तकारांचा खोळंबा करणे योग्य नाही. हंगाम सरल्यावर, किंवा हंगामातच जायचे असेल तर सकाळी काटा उघडताच जा. काट्यावर वैध मापन यंत्रणेचे चालू पडताळणी प्रमाणपत्र लावलेले आहे का, ते पाहून घ्या.

काटेवाले पूर्ण गाडीचे एकच वजन देतात, कारण त्यांना मालाचे वजन हवे असते. तुम्हाला तीन पावत्या हव्या आहेत, हे आधीच सांगा आणि तिन्हींचे पैसे द्या. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन थांबा, नंतर पूर्ण गाडी वर घ्या, आणि मग पुढची चाके खाली उतरवून फक्त मागची चाके वर ठेवा. प्रत्येक वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, ब्रेक आणि हँडब्रेक सोडलेले, आणि जी चाके काट्याबाहेर आहेत त्यांना उट्या लावलेल्या असाव्यात; ब्रेक दाबून धरला तर वजन खेचले जाते आणि आकडा फसवा येतो. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता काट्याच्या पातळीत असला पाहिजे. उतारावर उभ्या असलेल्या गाडीचा भार खालच्या ॲक्सलकडे झुकतो, त्यामुळे उंच चढणीच्या रॅम्पवर बसवलेला काटा या कामासाठी टाळा आणि जमिनीच्या पातळीत बसवलेला शोधा.

पुढच्या आणि मागच्या वजनाची बेरीज पूर्ण गाडीच्या वजनाशी जुळते का, ते तेथेच पाहा. दहा-वीस किलोंचा फरक काटा दाखवू शकतो त्या सर्वांत लहान टप्प्यामुळे पडू शकतो. त्याहून बराच जास्त फरक आला, तर पुन्हा वजन करा. पूर्ण वजन नोंदणी प्रमाणपत्रावरील कमाल वजनापेक्षा जास्त निघाले, तर हवा वाढवून तो प्रश्न सुटत नाही. सामान उतरवावेच लागते.

जमिनीच्या पातळीतील काट्याच्या कडेला मोकळी जागा असेल, तर गाडी अर्धी बाहेर ठेवून फक्त डावी चाके आणि मग फक्त उजवी चाके, तीही ॲक्सलनिहाय, मोजता येतात. ओटा आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असलेल्या गाड्यांसाठी हे फार उपयोगाचे ठरते. काटेवाल्याची तयारी नसेल किंवा जागा नसेल, तर आग्रह धरू नका. त्यावर उपाय पुढच्या पायरीत आहे.

४. वजनावरून दाब काढा

टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मिळाला, तर काम सोपे आहे. ॲक्सलवरील जास्त वजनाच्या बाजूच्या चाकाचा भार घ्या, तक्त्यात तेवढा किंवा त्याच्या लगेच वरचा भार शोधा, आणि समोरचा दाब त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना भरा. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा दाब कधीही ठेवू नका. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

तक्ता मिळाला नाही, तर शाळेत शिकलेले त्रैराशिक वापरा. तक्त्यांत दाब हा भारापेक्षा थोडा अधिक वेगाने कमी होत जातो, म्हणून सरळ त्रैराशिकाने येणारा आकडा तक्त्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुरक्षित बाजूचा असतो.

समजा, तुमचे टायर वर सांगितल्याप्रमाणे ९५० किलो आणि ६५ पीएसआयचे आहेत, मागे जोडचाके नाहीत, आणि काट्यावर पुढे १,४६० व मागे १,७०० किलो वजन आले. पुढच्या एका चाकावर सरासरी ७३० किलो आले. डावे-उजवे वेगळे मोजता आले नसेल, तर त्यात दहा टक्के मिळवा, म्हणजे ८०३ किलो. आता ८०३ ला ९५० ने भागून ६५ ने गुणले की ५५ पीएसआय येतात. मागे प्रत्येकी ८५०, दहा टक्के धरून ९३५ किलो, आणि दाब ६४ पीएसआय. जोडचाके असतील तर मागच्या वजनाला चारने भागा आणि जोडीतील टायरचा, म्हणजे ९०० किलोंचा आकडा वापरा. त्यासोबतचा दाबही टायरवर जो छापला असेल तोच घ्या.

या उदाहरणात मागचा टायर त्याच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला आहे, आणि माझ्या मते अशी गाडी त्याच अवस्थेत लांबच्या प्रवासाला नेऊ नये. शक्य असेल तर बॅटरी किंवा पाण्याची टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये सरकवून घ्या, नाहीतर पुढची खरेदी करताना रिमला बसणारा जास्त भार-निर्देशांकाचा टायर निवडा. दुसऱ्या टोकाला, तुमचे उत्तर दरवाज्यावरील पट्टीपेक्षा कमी आले आणि टायर मूळ मापाचेच असतील, तर पट्टीवरचा आकडा पाळा. नायलॉन आणि रेडियल अशा दोन वेगळ्या बांधणींचे टायर एकाच ॲक्सलवर मिसळू नका. दोघांचे तक्तेही वेगळे असतात.

५. दाब थंड टायरवर, सूर्य वर येण्याआधी मोजा

आतापर्यंत काढलेले सर्व आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे आणि टायरवर ऊन पडलेले नाही. आपल्याकडे या दुसऱ्या अटीला फार महत्त्व आहे. मे महिन्यात सकाळी आठ वाजताही पूर्वेकडील बाजूचे टायर तापलेले असतात आणि पश्चिमेकडील सावलीत असतात, त्यामुळे एकाच ॲक्सलवर दोन वेगळे आकडे दिसतात आणि माणूस जास्त दाखवणाऱ्या टायरमधून हवा सोडून देतो. उन्हाळ्यात पहाटेच, चहाच्या आधी हे काम उरकावे.

साठ पीएसआयच्या टायरचे तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले की दाब सुमारे २.५ पीएसआयने बदलतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, पहाटेही तापमान २९-३० अंशांच्या खाली उतरत नाही आणि जानेवारीच्या पहाटे ते १० अंशांपर्यंत येते, म्हणजे मे महिन्यात ६० भरलेला टायर, एक फुंकरही न गळता, थंडीत ५५ दाखवेल. त्यात टायरमधून दर महिन्याला एखाददोन पीएसआय हवा नैसर्गिकपणे कमी होतच असते. म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक प्रवासाआधी मोजणी ठेवा.

दुपारी चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे ४५ अंशांत गाडी चालवून थांबल्यावर गेज ६४ च्या जागी ७५ दाखवेल. घाबरून हवा सोडू नका. ती वाढ टायरच्या रचनेत धरलेलीच असते, आणि सोडलेली हवा संध्याकाळी टायर थंड झाल्यावर कमी पडते. दुसऱ्या दिवशी तोच टायर कमी हवेवर जास्त वाकतो, वाकण्याने जास्त तापतो आणि रबराचे थर सुटू लागतात. उन्हाळ्यात टायर फुटतात ते हवा फुगल्यामुळे, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात कमी हवा, जास्त भार आणि वेग यांनी निर्माण होणारी उष्णता हेच त्याचे मुख्य कारण असते. थंड दाबापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढ मात्र इशारा समजावी. अशा वेळी सावलीत थांबा, वेग कमी करा, आणि दुसऱ्या पहाटे भार आणि थंड दाब दोन्ही पुन्हा तपासा.

६. हवा भरताना

दुकानात हवा भरून घ्यायची असेल, तर ‘बरोबर टाका’ असे न म्हणता पुढे ५५ आणि मागे ६४ असा आकडा सांगा आणि शेवटचे माप स्वतःच्या गेजने घ्या. महामार्गावरील दुकानांत ट्रकसाठी शंभराच्या वरचा दाब टाकीत तयार असतो, त्यामुळे दोन-चार सेकंदांत आकडा ओलांडला जातो. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखण्याचे कौशल्य काही कारागिरांकडे नक्कीच असते, परंतु त्यावरून चाक पार बसले आहे की नाही एवढेच कळते. पंचावन्न आणि पासष्ट यांतला फरक कळत नाही. नुसत्या पाहण्यानेही तो कळत नाही, कारण रेडियल टायर योग्य दाबालाही खाली थोडा फुगीर दिसतो.

दुकानापर्यंत जाताना टायर कोमट होतात. म्हणून घरी पहाटे थंड दाब मोजून वहीत लिहा, कमी पडणारा फरक काढा, आणि दुकानात त्या वेळी दिसणाऱ्या आकड्यात तेवढाच फरक वाढवून घ्या.

रबरी दांड्याचा साधा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयच्या थंड दाबापर्यंतच चालतो. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल, तर नवे टायर बसवतानाच धातूचे व्हॉल्व्ह लावून घ्या. नायट्रोजनविषयी विचारणा होते, म्हणून सांगतो: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरून घ्यायला हरकत नाही, पण त्यामुळे महिन्याची मोजणी टळत नाही.

जोडचाकांत आतल्या चाकाकडे दुर्लक्ष होणे ही नेहमीची गोष्ट आहे. आतले चाक बसले तरी गाडी उभीच दिसते आणि सर्व भार बाहेरचे चाक वाहते. प्रत्येक मोजणीत आतला आकडा आधी घ्या, आणि दोन चाकांच्या मध्ये दगड अडकलेला नाही, हेही पाहा.

७. रस्त्यावर

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, आणि विदर्भातील मोटरहोमसाठी टायरची खरी परीक्षा तेथेच होते. तासन्‌तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर आणि वळणाशिवाय चालताना टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. भरलेल्या मोटरहोमने ताशी ८० किलोमीटरच्या आसपास राहावे, दीड-दोन तासांनी थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावे. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर हवा, ब्रेक किंवा बेअरिंग यांपैकी एकात दोष आहे. घिसलेले टायर घेऊन तेथे जाऊच नका. नियमानुसार नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते.

टायरचा दाब सतत दाखवणारे सेन्सर लावले असतील, तर खालचा इशारा थंड दाबाच्या दहा टक्के खाली आणि वरचा पंचवीस टक्के वर ठेवा. आमच्या उदाहरणातील मागच्या चाकांसाठी हे आकडे सुमारे ५८ आणि ८० होतात.

पावसाळ्यात काळ्या जमिनीतल्या पांदण रस्त्याने मोटरहोम नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही चिखलात रुतलीच आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत प्रयत्न करायचा असेल, तर इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांतील हवा पाव भागाने कमी केल्यास पकड वाढते. मात्र जवळ पंप असेल तरच हे करा, बाहेर निघेपर्यंत माणसाच्या चालीने चालवा, आणि डांबरी रस्ता लागताच पूर्ण हवा भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेळघाटातील टोकदार दगडांच्या कच्च्या रस्त्यांवर हा उपाय करू नये, कारण सैल टायरची बाजू दगडावर चिरते आणि बाजूचा चिरा कोणीही दुरुस्त करून देऊ शकत नाही.

८. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा

पेरणीपासून वेचणीपर्यंत अनेकांची मोटरहोम अंगणात किंवा गोठ्याशेजारी उभीच राहते. टाकीतले पाणी काढून टाका, टायरवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरा, आणि चाकांखाली चाकाच्या रुंदीपेक्षा मोठ्या फळ्या ठेवा, म्हणजे ओल धरणारी काळी माती टायरला चिकटून राहणार नाही. उन्हाच्या बाजूच्या टायरवर जुनी पोती किंवा ताडपत्री बांधा. खताची आणि फवारणीची औषधे, डिझेलचे डबे टायरजवळ ठेवू नका. महिन्यातून एकदा गाडी अर्धे चाक पुढे-मागे सरकवा, म्हणजे एकाच जागी भार राहून टायर चपटा होत नाही.

पुन्हा निघायचे ठरले की आदल्या दिवशी पहाटे हवा प्रवासाच्या आकड्यावर आणा, स्टेपनीसुद्धा मोजा, आणि प्रत्येक व्हॉल्व्हची टोपी काढून साबणाचे पाणी लावा. बुडबुडा आला तर आतली पिन घट्ट करा किंवा बदलून घ्या, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजा, आणि आकडा जागेवर असेल तरच पाण्याची टाकी भरायला घ्या.